बाकावरचा हात

शैला, तू मंगळवारी सकाळी गेलीस. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या, चित्रं काढायच्या तुझ्या गाळ्यात, खुर्चीत बसल्याबसल्या. शेजारच्या खोक्यांच्या कारखान्यातले शेखभाई नेहमीप्रमाणे तुझा चहा घेऊन आले, तेव्हा तू उत्तर दिलं नाहीस. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दुपारी बोरिवलीच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले.

तुझं शिक्षण, शाळेतली चित्रकला शिक्षिकेची नोकरी, झालेली प्रदर्शनं ही माहिती मी त्याच संध्याकाळी एका वर्तमानपत्राला फोनवर सांगितली. ती दुसऱ्या दिवशी छापून आली. तुझं वय त्यांनी बरोबर छापलं, याचा तुला राग आला असता. ती माहिती इथे पुन्हा देत नाही. इथे मला एका चित्राबद्दल लिहायचं आहे. तू गेलीस तेव्हा ते अर्धवट होतं. रविवारी ते प्रदर्शनात लागायचं होतं, आणि त्यातल्या एका बाईला त्यात ठेवायचं की नाही याचा निर्णय व्हायचा होता.

तुझ्या चित्रांत कायम दोनच माणसं असत. दोन जावा. घरमालक आणि भाडेकरू. निवृत्त हेडमास्तर आणि त्यांच्या घरी पोळ्या करणाऱ्या बाई. ती एकमेकांच्या अगदी जवळ बसलेली किंवा उभी असत आणि त्यांच्यात काय चाललंय ते सांगता येत नसे. भांडण आत्ता संपलंय की आता सुरू होणार आहे, एकाने दुसऱ्याला काही कबूल केलंय की काही लपवलंय. बघणारा थोडा वेळ थांबे, मग आजूबाजूला बघे, आपल्याला कोणी बघत नाही ना म्हणून.

या दोघांना तू एकत्र कधी बोलावलं नाहीस. एक माणूस या आठवड्यात, दुसरा पुढच्या. "एकत्र बसली की माणसं शहाण्यासारखी वागायला लागतात गं," तू म्हणायचीस, "मला शहाणी नकोत." पण समोरच्या माणसाला शेजारी कोणीतरी आहे असं वाटायला हवं, खांद्याला खांदा जाणवायला हवा, सावली नीट पडायला हवी. त्यासाठी तिसरं माणूस लागे. मी वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यावर ते काम माझ्याकडे आलं. तू त्याला 'जागा धरणं' म्हणायचीस. मी तुझ्या बाकावर थोरली जाऊ होऊन बसले, धाकटी होऊन बसले, पोळ्यावाल्या बाई होऊन बसले.

"अलके, हलू नकोस. तू घरमालक आहेस."

"घरमालकाला खाज सुटत नाही का?"

"सुटते. पण तो भाडेकरूसमोर खाजवत नाही."

खरं माणूस आलं की मी बाकावरून उठायचे. चित्रात माझ्या जागी ते यायचं. तुझ्या गेल्या काही वर्षांतल्या प्रत्येक चित्रात एका बाजूला आधी मी होते, आणि एकाही चित्रात मी नाही.

आपला मुख्य वाद जुना होता. तो तुझ्या घरी, माझ्या घरी, गाळ्यात आणि रिक्षात झालेला आहे. मी विचारायचे, या दोघांत नक्की काय आहे?

"मला काय माहीत?"

"तू काढलंयस ना."

"काढलं म्हणजे माहीत असतं, असं कोणी सांगितलं तुला?"

"आमच्याकडे दुजोरा नसेल तर छापत नाहीत."

"म्हणून तुमचा पेपर संध्याकाळी भजी बांधायला जातो."

तू चित्रांना नाव द्यायची नाहीस. खालच्या पट्टीवर फक्त साल असे. माझं म्हणणं होतं की कोण, कुठलं, कशाबद्दल, एवढं तरी बघणाऱ्याला सांगावं. तुझं म्हणणं होतं की तेवढं सांगितलं की तो चित्र बघायचं सोडतो आणि पट्टी वाचतो. दोघींपैकी कोणी मागे हटलं नाही.

तर हे चित्र. आपल्याच इमारतीतलं.

दुसऱ्या मजल्यावर सुनंदा वहिनी आणि हसमुखभाई समोरासमोर राहतात. वहिनी मालवणकडच्या. नवरा परळच्या गिरणीत होता. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी बोरिवलीत घर केलं. तो गेला, आता त्या आणि मुलगा प्रसाद. हसमुखभाईंचं कापडाचं दुकान होतं, ते आता पुतण्या बघतो. त्यांच्या पत्नी कोकिळाबेन होत्या तोवर दोन्ही दारं दिवसभर उघडी असत. इकडून ढोकळा जाई, तिकडून घावणे येत. कोकिळाबेन गेल्या आणि हसमुखभाईंचं दार लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात गावाहून सुके बोंबील आले. वहिनींनी ते गॅलरीत वाळत घातले. दोन-तीन घरांनी तक्रार केली. हसमुखभाई सोसायटीचे सेक्रेटरी होते. बोर्डावर सूचना लागली, की सार्वजनिक गॅलरीत मासळी वाळत घालू नये. खाली त्यांची सही.

वहिनींनी त्यांना जिन्यात गाठलं. आपण दोघी वरून येत होतो.

"बोर्डार कित्याक लिवलास? दार माझा समोर आसा. वाजवूक काय झाला होता?"

"सुनंदाबेन, लिहिलं ते कमिटीने. सही तर कोणाला करावीच लागते ना."

"कोकिळाबेन असती तर तिने तुमका ती सही करूक दिली नसती."

हसमुखभाई खाली गेले. त्यानंतर दोन वर्षं ती दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. इमारतही वाटली गेली. गणपतीच्या जेवणाला दोन पंगती झाल्या. लिफ्टमध्ये कोण कोणासाठी थांबतं यावर लोक नजर ठेवू लागले. एका घरातून उदबत्तीचा धूर जरा जास्त निघाला तरी समोरचं घर त्याचा अर्थ लावायचं. भांडण बोंबलांचं आहे, असं सगळे म्हणत. वहिनींनी जिन्यात बोंबलांचा उल्लेखही केला नव्हता, हे तूच मला दाखवून दिलंस. माझ्याकडून ते सुटलं होतं.

चित्राची कल्पना तुझी. तू दोघांनाही आधी सांगितलंस की शेजारी कोण असेल. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण नंतर इमारतीत उलटं सांगितलं गेलं.

वहिनी म्हणाल्या, "काढा. पण तेंनी माझ्याकडे बघूचा नाय."

हसमुखभाई म्हणाले, "काढा ना, शैलाबेन. मला काय वांधा नाही. फक्त सुनंदाबेन माझ्याकडे बघते असं नको दाखवू."

दोघांची अट तू मान्य केलीस. आधी वहिनी बसल्या. मी हसमुखभाईंची जागा धरली. वहिनी सगळा वेळ कोकिळाबेनबद्दल बोलल्या. पुढच्या आठवड्यात हसमुखभाई आले आणि मी वहिनींच्या जागी बसले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सुनंदाबेन इथेच बसली होती?" मी हो म्हटलं. ते थोडे लांब सरकले. काही वेळाने पुन्हा होते तिथे आले.

हाताची अडचण त्या दिवशी आली. तुला त्यांचा एक हात बाकावर मोकळा हवा होता. ते दोन्ही हातांनी काठी धरून बसले होते. काठी सोडली की हात थरथरतो, म्हणाले, आणि तो थरथरणारा हात काढू नका म्हणाले. तू आग्रह केला नाहीस. ते गेल्यावर तू मला त्यांच्या जागी बसवलंस आणि माझा हात काढलास. थोडा जाडसर केलास, कातडी म्हातारी केलीस, मधल्या बोटावरचा पेनाचा घट्टा गाळलास. बाकी हात माझाच होता.

पूर्ण झालेलं चित्र असं होतं. एक साधा लाकडी बाक. वहिनी डावीकडे बघताहेत, हसमुखभाई उजवीकडे. मध्ये बाकावर दोन हात, आणि त्यांच्यात काडेपेटी मावेल एवढी जागा. एकमेकांकडे बघायचं नाही ही अट दोघांनी रागाने घातली होती. चित्रात मात्र ती दोघं कोणीतरी येतंय का ते बघत आहेत, असं वाटत होतं.

गाळ्याचा पत्रा गळायला लागला म्हणून तू ते चित्र टेम्पोत घालून घरी आणलंस. ते लिफ्टमध्ये मावलं नाही. जिन्याने न्यायला माणसं मिळेपर्यंत खाली, टपालपेट्यांना टेकून उभं राहिलं. संपूर्ण दुपार. वरचं प्लास्टिक कोणी काढलं ते कळलं नाही.

"अय्या, ही तर आपली सुनंदा."

"आणि हा सेक्रेटरी. पण बघत कुठे आहेत एकमेकांकडे?"

"अगं, न बघण्यातच सगळं असतं."

संध्याकाळपर्यंत पुराव्यांची भर पडली होती. ते बोलत नाहीत ते नुसतं दाखवायला. तिची भाजी आणायची वेळ आणि त्याची फिरायला जायची वेळ एकच आहे. मी आयुष्यभर अफवांच्या मागे फोन करत आले, एकही अफवा एवढ्या वेगाने तयार झालेली पाहिली नव्हती.

त्याच रात्री जेवणाआधी प्रसाद तुझ्या दारात आला. मी तिथे होते.

"मावशी, हे काय काढलंय तुम्ही?"

"आधी बस."

"बसायला नाही आलो. आपल्या बिल्डिंगमधला एक माझ्या ऑफिसात आहे. त्याचा आत्ता फोन आला. म्हणतो, काय रे, नवीन पप्पा व्हेज आहेत ना?"

तू ओठ आवळलेस. तुला हसू येत होतं आणि प्रसादला ते दिसलं.

"हसा. तुम्हाला काय. आईला त्यातून काढा. पुसून टाका, वर दुसरं कोणी काढा. नाहीतर प्रदर्शनात येऊन मी स्वतः ते उतरवीन."

"तुझ्या आईने सांगितलंय असं?"

"तिला काय कळतं त्यातलं?"

"मग तिला विचारून ये."

तो दार आपटून गेला. मी तुला म्हटलं, चार ओळींचा खुलासा लिहून बोर्डावर लावते. दोघं चित्रासाठी एकदाही एकत्र बसलेली नाहीत. हात तर हसमुखभाईंचा नाहीच, माझा आहे.

"खबरदार."

"यात खोटं काय आहे?"

"खोटं काही नाही. पण खुलासा म्हणजे काय गं? काहीतरी वाईट दिसलं, ते तसं नव्हतं, असं सांगणं. वाईट काय दिसलंय? दोन माणसं एका बाकावर बसलीत."

"लोकांना वाटतंय त्यांच्यात काहीतरी आहे."

"आहेच की. काहीच नसतं तर दोन वर्षं इतकं मनापासून न बोलणं जमलं असतं का?"

"हे तू वरच्या मजल्यावर बसून म्हणतेस. त्या बाईला रोज त्या जिन्यातून जायचं असतं."

तू उठलीस. ब्रश धुवायला गेलीस. बराच वेळ नळ चालू होता. या मुद्द्यावर आपलं पुढे बोलणं झालं नाही. तुझं उत्तर काय असतं हे मला माहीत नाही, आणि तुझ्या वतीने मी ते लिहिणार नाही.

पत्रा दुरुस्त झाल्यावर चित्र पुन्हा गाळ्यात गेलं. तू जाण्याआधीच्या शनिवारी वहिनी स्वतः म्हणाल्या, माका ता बघूचा आसा. मी त्यांना रिक्षाने घेऊन आले. तू त्यांना खुर्ची दिलीस. त्या बसल्या नाहीत. चित्रासमोर उभ्या राहिल्या. शेजारच्या गाळ्यात खोक्यांचं यंत्र चालू होतं.

"नाक बरा काढलास," त्या म्हणाल्या. मग पुढे वाकल्या. "ह्यो हात तेंचो न्हय."

तू विचारलंस, "कशावरून, वहिनी?"

"तेंच्या करंगळेक पुरा नख नाय. अर्धाच आसा."

यंत्र थांबलं होतं की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. वहिनींनी हसमुखभाईंची करंगळी इतक्या जवळून कधी पाहिली, हा पुढचा प्रश्न होता. नोकरीत असते तर विचारला असता. मी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहत होतीस. तुझा चेहरा मोठी बातमी हाती लागलेल्या नवख्या बातमीदारासारखा झाला होता, आणि तूही काही विचारलं नाहीस.

"मग कसा काढू?" एवढंच म्हणालीस.

"जसो आसा तसो. खोटो कित्याक?"

"आणि तुम्हाला? प्रसाद म्हणतो, तुम्हाला काढून टाका."

"ता मागीर बघूया. आधी हात बरो करा."

त्यांना रिक्षात बसवून मी परत आले तोवर तू रंग खरवडायचं पातं हातात घेतलं होतंस. हसमुखभाईंच्या बाजूचा हात तू खरवडून काढलास, अगदी खालच्या कापडापर्यंत. मग त्यांना फोन लावलास. करंगळीबद्दल तू त्यांना काही सांगितलं नाहीस. फक्त हात नीट झाला नाही, एकदा येऊन बसा, म्हणालीस. त्यांनी बुधवार दिला.

"तुझा हात गेला गं," तू म्हणालीस.

"कुठेतरी खाली असेलच."

"नाही. काही शिल्लक नाही ठेवलं." पातं पुसत होतीस. "तुला एकदा बसवायचंय खरं. जागा धरायला नाही, तुझ्या जागेवर. पण तुझ्या शेजारी कोणाला बसवू तेच सुचत नाही."

"सुचलं की सांग."

शेजारी तू बस, असं मला म्हणायचं होतं. तू स्वतःला कधी काढत नाहीस म्हणून म्हटलं नाही. आपलं समोरासमोरचं हे शेवटचं बोलणं. रविवारी फोन झाला, तो चौकटींबद्दल होता.

स्मशानभूमीत हसमुखभाई बाजूला उभे होते. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "अलकाबेन, उद्या तर मी येणार होतो. शैलाबेनला सांगितलेलं, काठी घरी ठेवून येतो." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

तुझी बहीण नाशिकहून आली होती. तिने गाळ्याची किल्ली माझ्याकडे दिली आणि प्रदर्शन ठरल्याप्रमाणे व्हावं असं सांगितलं. चित्रं कोणती, ते तू ठरव, म्हणाली. बाकीची सोपी होती. या एका चित्राचा प्रश्न होता. गुरुवारी प्रसादने मला गेटवर थांबवलं. तुझ्याबद्दल वाईट वाटल्याचं तो बोलला. ते खरं होतं. मग म्हणाला, "मावशी, आता तो विषय संपला ना? ते चित्र गुंडाळून ठेवा."

मी म्हटलं, हे मी ठरवणार नाही आणि तूही नाही. वर चल.

वहिनी कांदा चिरत होत्या. आम्ही दोघं एकदम आत आलेलो पाहून त्यांनी विळी बाजूला केली.

"शैलाताई गेली," त्या म्हणाल्या. "आता तो हात कोण काढतलो?"

"कोणी नाही, वहिनी."

"मगे तसाच ऱ्हवतला?"

"हो. तेवढी जागा कोरी राहील."

"आई, तेच सांगतोय मी. अर्धवट चित्र आहे. लावायचंच कशाला?"

"तुका अर्धवट म्हणान नको आसा, की मी आसंय म्हणान?"

प्रसादने खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"त्या दिवशी शैलाताईक जावन सांगलंस, आईक पुसून टाका. माका इचारलंस? मी काय फळ्यावरचा गणित आसंय? मास्तर इलो आणि पुसून गेलो?"

"लोक काय बोलतायत तुला माहीत नाही गं."

"माका म्हायत नाय? तू सकाळी जातस तो रात्री येतस. जिन्यात मी असतंय. तोंडार कोणी बोलाक नाय अजून. बोललो तर मी उत्तर दितलंय. तू कित्याक घाबरतस?"

"आणि ऑफिसात काय सांगू?"

"सांग, आईचा चित्र लागलाहा, येवन बघा."

प्रसादच्या चेहऱ्यावर राग होता. तो जाण्यासाठी वळला, पण गेला नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. वहिनींनी मला विचारलं, चित्राखाली नाव घालतात ना? मी सांगितलं की शैला घालत नसे.

"तिचा तिका. माझा नाव घाला. पुरा घाला. आणि तेंचाय घाला. नायतर लोक आपणच घालतत."

या मुद्द्यावर वहिनी माझ्या बाजूने होत्या, हे तुला कळवते. मी म्हटलं, हसमुखभाईंचं नाव घालायचं तर त्यांना विचारावं लागेल.

"मगे इचारा."

"तुम्हीच विचारा. दार समोरच आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. हात धुतले, पदराला पुसले, बाहेर जाऊन समोरचं दार वाजवलं. मी आणि प्रसाद आतच थांबलो. दार उघडायला वेळ लागला. आधी काठीचा आवाज आला.

"चित्राखाली नाव घालतत. तुमचा घालू?"

काठी दाराला टेकवल्याचा आवाज आला.

"घाला ना."

"हाताची जागा रिकामीच ऱ्हवतली. शैलाताई नाय आता."

"हां. ते समजलं मला." आणि मग, "सुनंदाबेन, बसणार? चहा ठेवतो."

"आत्ता नको. कांदो अर्धो चिरलोहा. मागीर येतंय."

त्या परत आल्या आणि विळीवर बसल्या. प्रसादने विचारलं, "जेवायला काय आहे?" वहिनी म्हणाल्या, "बोंबील." तो हसला. मग ते लपवायला पाणी प्यायला गेला.

त्या संध्याकाळी वहिनी हसमुखभाईंकडे चहाला गेल्या की नाही, याची मला माहिती नाही.

शैला, शुक्रवारी मी गाळ्यात एकटीच होते. शेखभाईंनी चित्रांना बांधायला पुठ्ठे दिले, पैसे घेतले नाहीत. म्हणाले, बाई आम्हाला रोज विचारायच्या, आज कुणाचं भांडण झालं. तुझ्या बाकावर मी थोडा वेळ बसले. कोणाचीही जागा धरायची नव्हती. खिडकीतून येणारा उजेड तुझ्या खुर्चीवरून कसा दिसतो ते मला माहीत नव्हतं. मी कायम बाकावरून पाहिला होता. म्हणून उठून तुझ्या खुर्चीत बसले. तिथून बाक छोटा दिसतो. त्यावर दोन माणसं बसवायची तर ती जवळच बसणार, दुसरा इलाज नाही. हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. वर्षानुवर्षं तुझ्यासमोर बसून मी माणसांबद्दल जे शिकले ते मला बातम्यांनी शिकवलं नव्हतं. दोन बाजू ऐकून घ्याव्यात एवढं मला येत होतं. दोन बाजूंच्या मधे बसून पाहावं, हे तुझ्याकडे आल्यावर कळलं. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले होते. ते इथे मानते.

वाद मात्र सोडलेला नाही. पट्टी मी लिहिली आणि ती चित्राखाली लावली. दोन पूर्ण नावं, इमारतीतलं नातं 'शेजारी', आणि 'अपूर्ण' हा शब्द. तू असतीस तर ती काढून फेकली असतीस आणि आपण त्यावर परतीच्या वाटेवर भांडलो असतो. तू बरोबर होतीस असा एक पुरावा माझ्याकडे आहे, तोही देते. रविवारी सकाळी मुलुंडहून आलेली एक बाई चित्रासमोर उभी होती. पट्टी तिने वाचलीच नाही. ती फक्त मधल्या कोऱ्या जागेकडे बघत होती.

"इथे काय होतं?" तिने मला विचारलं.

"हात होता."

"कोणाचा?"

"माझा," मी म्हटलं.

ती चित्राकडे बघून, मग माझ्याकडे बघून, पुन्हा चित्राकडे वळली. तुला हा प्रसंग आवडला असता.

इमारतीतले लोक दुपारी आले. टपालपेट्यांजवळ बोलणाऱ्या दोघीही होत्या. सभागृहात दिवे होते, चित्र भिंतीवर होतं, नावं खाली लिहिलेली होती. त्या दोघींनी पट्टी मोठ्याने वाचली. एकीने विचारलं, "अर्धंच राहिलं का हो?" मी हो म्हटलं. "अरेरे," ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं.

वहिनी चारच्या सुमारास आल्या. प्रसाद त्यांच्याबरोबर होता. त्याने त्याच्या ऑफिसातला तो शेजारीही आणला होता, तो आधी दारातच घुटमळला, मग वहिनींनी त्याला नावाने हाक मारून आत बोलावलं आणि विचारलं, "कसा वाटता रे?" तो म्हणाला, "काकी, भारी आहे." प्रसाद चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला. टपालपेट्यांजवळ त्याने ते गर्दीतून, घाईत पाहिलं होतं. "आई, तुझं नाक डिट्टो आहे," तो म्हणाला.

हसमुखभाई थोड्या वेळाने काठी टेकत आले. आधी चित्र पाहिलं, मग कोरी जागा, मग खालचं आपलं नाव. वहिनी चित्राच्या एका बाजूला उभ्या होत्या. ते दुसऱ्या बाजूला उभे राहिले. प्रसादने खिशातून मोबाइल काढला.

"काका, जरा आत सरका. कट होताय तुम्ही."

हसमुखभाई सरकले. वहिनींनी पदर नीट केला. फोटो प्रसादने काढला.